आधी वाचते, मग सही करते!

दुपारचा ओटा आवरून मी जरा पाठ टेकणार, तोच दाराची कडी वाजली. बघते तर आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकू. हातात बाजाराची कापडी पिशवी. मला वाटलं, महिला मंडळाची वर्गणी द्यायला आल्या असतील. पण पिशवीतून निघाली एक प्लॅस्टिकची फाइल आणि एक गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक.

"अगं, तू बी. ए. झालेली. मंडळाचे अर्जबिर्ज लिहितेस. एवढं जरा नजरेखालून घालतेस का? शुक्रवारी सह्या आहेत."

"कसल्या सह्या, काकू?"

"फ्लॅट घेतेय ना मी!" काकू लाजल्यासारखं हसल्या.

ही गोष्ट २०२४च्या श्रावणातली. काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचा फंड, ग्रॅच्युइटी, विमा असे मिळून काकूंचे १८ लाख रुपये बँकेत ठेवीत होते. त्यावरच त्यांचं घर चाललेलं. मुलगी लांब दिलेली. इथे आधार म्हणजे दिराचा मुलगा. दवाखाना, बँक, गॅसचा नंबर, सगळं तोच बघतो. त्यानेच ही 'स्कीम' आणली होती. जिल्ह्याच्या गावी, शहराच्या हद्दवाढीत आलेल्या भागात नवी इमारत होतेय. फ्लॅट २४ लाखांचा. भाडं महिना १० हजार. आणि पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेलं, 'गुंतवणुकीवर वार्षिक १२ टक्के परतावा!' बुकिंगचे ५१ हजार पुतण्याने काकूंच्या चेकने भरूनही टाकले होते.

"तुम्ही वाचलंत का हे?" मी विचारलं.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं? आणि वाचत बसले, तर त्याला वाटेल काकूचा आपल्यावर विश्वास नाही. लेकासारखा आहे गं तो."

हे वाक्य ऐकलं आणि माझं मागचं दुखणं वर आलं.

पेन्सिलीच्या फुल्या

आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा म्हणजे २००४ साली, आम्ही एक फ्लॅट घेतला. बांधणारा आमच्या ह्यांच्या ओळखीतला. ऑफिसात रेक्झिनच्या सोफ्यावर बसवून थंड पाजलं आणि कागदांचा गठ्ठा पुढे केला. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या. मी पहिलं पान वाचायला लागले, तर हे कानाशी पुटपुटले, "अगं, ओळखीचा माणूस आहे. त्याच्यासमोर वाचत बसलीस तर काय वाटेल त्याला?" मी पान मिटलं आणि फुल्या बघून बघून सह्या केल्या.

पैसे आम्ही ७५० चौरस फुटांचे भरले होते. राहायला गेल्यावर मी शिवणकामाची टेप घेऊन खोल्या मोजल्या. सगळ्या मिळून ५२० भरल्या. विचारायला गेलो, तर उत्तर मिळालं, "वहिनी, तो सुपर बिल्टअप होता. करारात लिहिलंय." खरंच लिहिलेलं होतं. जिना, लिफ्टची जागा, भिंती, गच्ची यांतला आमचा वाटा धरून ७५० होत होते.

दुसरा फटका कळायला पंधरा वर्षं गेली. इमारतीची मोठी दुरुस्ती काढायची वेळ आली, तेव्हा समजलं की जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेलीच नाही. करारात वाक्य होतं, 'योग्य वेळी खरेदीखत करून देण्यात येईल.' ती योग्य वेळ काही आलीच नव्हती. मग 'मानीव अभिहस्तांतरण' नावाचं प्रकरण करावं लागलं. बांधणारा जमीन नावावर करून देत नसेल, तर सोसायटीने सरकारी अधिकाऱ्याकडून ती करून घ्यायची, असा त्याचा अर्थ. मराठी विषय घेऊन बी. ए. झालेल्या मला तो शब्द नीट म्हणता यायलाच आठवडा लागला. कागदपत्रं गोळा करत सोसायटीच्या बायकांबरोबर मी दोन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. कागद वाचायला शिकले ती तिथे.

तेव्हापासून एक गोष्ट मी मनाशी पक्की बांधली आहे. कागद वाचणं हा अविश्वास नाही. गव्हाचं पोतं दारात आलं, की आपण मूठभर गहू हातावर घेऊन बघतोच. म्हणून काही दुकानदार रुसत नाही!

काकूंना म्हटलं, "आपण दोघी मिळून वाचू. रोज दुपारी एक तास. शुक्रवारला चार दिवस आहेत."

पहिली दुपार: लिहून देणार, लिहून घेणार

मसुदा ५४ पानांचा. मराठीच, पण कसली मराठी! 'सदरहू', 'उपरोक्त', 'तबदील', 'चतुःसीमा'. काकू म्हणाल्या, "पोथीसारखं आहे गं." मी म्हटलं, "मग पोथीसारखंच वाचू. सावकाश, बोट ठेवून."

आधी माणसं ओळखून घेतली. 'लिहून देणार' म्हणजे बांधणारा. 'लिहून घेणार' म्हणजे आपण. 'मान्यता देणार' म्हणजे जमिनीचे मूळ मालक. आता लिहून घेणार कोण आहे बघितलं, तर तिथे पहिलं नाव पुतण्याचं आणि दुसरं काकूंचं! काकू गप्पच झाल्या.

पुतण्याच्या मनात काही काळंबेरं होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. १८ लाख काकूंचे आणि वरचं ९ लाखांचं कर्ज काढायचं ठरलं होतं. काकूंचं वय ६६. एवढ्या वयाला एकटीच्या नावावर पंधरा वर्षांचं कर्ज मिळत नाही, म्हणून बँकेने त्याचं नाव घ्यायला सांगितलं होतं. पण कागदाला मन नसतं. दोघांच्या नावावर घर असलं आणि कोणी किती पैसे घातले याचा पुरावा नसला, तर कायदा दोघांचा वाटा सारखा धरतो. १८ लाख घालणारी अर्ध्याची मालक! पैसे ज्या प्रमाणात घातले, त्या प्रमाणातले हिस्से करारातच लिहून घ्यायला हवेत. एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ लिहायला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ती कोणी वाचलीच नव्हती.

मग क्षेत्रफळ. पत्रकावर '६४० चौ. फूट'. करारात मात्र 'चटई क्षेत्र ४१.८० चौ. मीटर'. मीटर आणि फूट असा घोळ दिसला, की हमखास गणित करून बघावं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गुणाकार केला, आले ४५० फूट. २४ लाखांना ६४०ने भागलं तर फुटाला ३,७५० रुपये पडतात. ४५०ने भागलं तर ५,३३३. शेजारच्या इमारतीचा भाव ताडून बघायचा, तर तो या दुसऱ्या आकड्याशी.

इथे एक सांगायला हवं. आमच्या २००४ सालापेक्षा आता कायदा बाईमाणसाच्या बाजूला बराच सरकला आहे. २०१६ साली 'रेरा' म्हणजे स्थावर संपदा कायदा झाला आणि २०१७पासून आपल्याकडे 'महारेरा' सुरू झालं. आता घर विकायचं ते चटई क्षेत्रावर. चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. पत्रकात कोणी काहीही छापो, करारातला चटईचा आकडा तेवढा खरा.

दुसरी दुपार: तीन तारखा आणि दोन बहिणी

दुसऱ्या दिवशी माझी कॉलेजातली लेक घरी होती. तिला मोबाइल घेऊन बसवलं. जाहिरातीत चौकोनी ठिपक्यांचं चित्र असतं ना, ते क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३पासून बंधनकारक आहेत. मोबाइल त्यावर धरला, की त्या इमारतीची महारेरावरची नोंद उघडते. जमिनीची कागदपत्रं, मंजूर नकाशा, काही दावे चालू असतील तर ते, आणि इमारत कधी पुरी होणार ती तारीख. सगळं फुकट आणि सगळ्यांसाठी खुलं.

तर तारखा अशा निघाल्या. पत्रकावर 'दीड वर्षात ताबा'. करारात '३० जून २०२६'. आणि महारेराकडे बांधणाऱ्याने स्वतः कळवलेली तारीख ३१ डिसेंबर २०२७! काकूंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे सरकारला एक सांगतो आणि मला एक?"

करारात तारखेच्या पुढे शेपूट होतं. 'सिमेंट, वाळू, मजूर यांची टंचाई अथवा विकसकाच्या नियंत्रणाबाहेरील अन्य कोणत्याही कारणाने विलंब झाल्यास मुदत आपोआप वाढेल.' असं शेपूट बारा महिने वळवळतं ठेवता येतं. रेरा कायद्याने अशा माफीसाठी युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशा आपत्ती धरल्या आहेत. मजूर मिळाले नाहीत, हे त्यात नाही. करारात दिलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर आपल्यापुढे दोन वाटा आहेत. एक, घर सोडायचं आणि भरलेले सगळे पैसे व्याजासकट परत मागायचे. दोन, घर ठेवायचं आणि ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यायचं. म्हणून करारात पक्की तारीख हवी. 'लवकरच', 'योग्य वेळी', 'अंदाजे' हे शब्द आपण लग्नाच्या बोलणीतही चालवून घेत नाही!

व्याजाचं कलम तर वाचण्यासारखं होतं. काकूंचा हप्ता चुकला तर वर्षाला १८ टक्के. बांधणाऱ्याला उशीर झाला तर? त्यावर एक ओळ नाही. कायदा सांगतो, दोघांना व्याजाचा दर एकच. महाराष्ट्रात तो स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त 'एमसीएलआर' दराच्या वर दोन टक्के असा ठरवला आहे.

आणखी एक. शुक्रवारी सह्या 'साध्या' कागदावर आणि सोबत ५ लाखांचा चेक, असं पुतण्याला सांगितलं गेलं होतं. करार नोंदवायचा मागाहून. हेही कायद्यात बसत नाही. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. २४ लाखांचे दहा टक्के म्हणजे २ लाख ४० हजार.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. महारेराच्या नोंदीत त्या जमिनीचा सातबारा होता. सातबारा वाचताना आपण मालकाचं नाव बघून थांबतो. खरी गोष्ट पुष्कळदा उजवीकडच्या 'इतर हक्क' या रकान्यात असते. बोजा, कुळ, वारस सगळं तिथे. या सातबाऱ्यावर मालक म्हणून तीन भावांची नावं आणि इतर हक्कात दोन बहिणींची. आपल्याकडे ही जुनीच रीत! बहिणीचं नाव लावायचं, पण बाजूच्या रकान्यात.

मंडळाला मदत करणाऱ्या वकीलबाईंना मी फेरफार दाखवले. त्या म्हणाल्या, एका बहिणीचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं दिसतंय, दुसरीचं दिसत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, असं महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली कायद्यात आणलं. तो हक्क जन्मापासूनच असतो, वडील २००५ साली हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे ही दुसरी बहीण उद्या दावा घेऊन उभी राहिली, तर तिचं काही चूक नाही. आणि तिच्या दाव्यात आमच्या काकूंचा फ्लॅट अडकणार.

काकू बराच वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "जिने सोडलं, तिने तरी वाचून सही केली असेल का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. काकूंनी स्वतः माहेरच्या जमिनीवर अशीच सही दिली होती. ते त्यांनी मला त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. राखी पौर्णिमेला गेल्या होत्या. भावाने साडी दिली आणि कागद पुढे केला.

तिसरी दुपार: बारा टक्क्यांचं पीठ

आकड्यांची मला शाळेपासून भीती. पण घरखर्चाच्या वहीत बसणारं गणित असलं, तर ते आपल्याला येतंच. आम्ही एका कागदावर उभी रेघ मारली. एकीकडे जाणारे पैसे, दुसरीकडे येणारे.

जाणारे. घराची किंमत २४ लाख. मुद्रांक शुल्क महानगरपालिकेच्या त्या हद्दीत सहा टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर २०२१पासून एक टक्का सवलत, म्हणून पाच धरले, १ लाख २० हजार. (पुतण्याचं नाव आलं की ही सवलतही गेली, हे बोलता बोलता ध्यानात आलं.) नोंदणी फी २४ हजार. बांधकाम चालू असल्याने आणि घर परवडणाऱ्या गटात बसत असल्याने जीएसटी एक टक्का, २४ हजार. वीज मीटर, सोसायटी, 'विकास खर्च' अशी किरकोळ कलमं करारात मागे कुठेतरी ४१व्या पानावर होती, त्यांची बेरीज ९० हजार. पंखे, दिवे, खिडक्यांच्या जाळ्या ४२ हजार. एकूण झाले २७ लाख. पत्रकावरचे २४ लाख घरी येईपर्यंत २७ झाले!

येणारे. माझी एक मामेबहीण त्याच भागात राहते. तिला फोन करून शेजारच्या इमारतीतलं खरं भाडं विचारलं. तसल्या फ्लॅटला ७ हजार मिळतात, म्हणाली. आणि भाडेकरू गेला की महिनाभर घर रिकामं राहतंच. म्हणून वर्षाचे अकरा महिने धरले, ७७ हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च महिना १,२०० प्रमाणे १४,४००, घरपट्टी ५ हजार, रंग-नळ-दुरुस्ती ५ हजार वजा केले. उरले ५२,६००.

२७ लाख घालून वर्षाला ५२,६००. शंभर रुपयांना दोन रुपयेही पुरते नाहीत. मग पत्रकातले १२ टक्के कुठून आले? भिंग घेऊन तळाची बारीक अक्षरं वाचली. 'भाडे ५ टक्के अधिक अपेक्षित दरवाढ ७ टक्के. आकडे अंदाजित.' १० हजार भाडं बारा महिने सलग धरलेलं, खर्च एक पैसा नाही, आणि उरलेले सात टक्के म्हणजे आशा!

भाव वाढणारच नाही असं मी म्हणत नाही. जमिनीचे भाव वाढलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण वाढलेला भाव हातात येतो तो घर विकल्यावर. तोवर काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना तो उपयोगी पडत नाही.

आता कर्ज. ९ लाख, नऊ टक्के व्याज, पंधरा वर्षं. हप्ता महिना ९ हजार १३०च्या आसपास. पंधरा वर्षांत फेड होते सुमारे १६ लाख ४३ हजारांची. म्हणजे ७ लाख ४३ हजार नुसतं व्याज. भाड्यातून खर्च जाता महिना ४,४०० सुटणार आणि हप्ता ९,१३०. वरचे पावणेपाच हजार कुठून येणार? आणि ताबा मिळेपर्यंत तर भाडंही नाही.

शेवटी दुसरा कागद घेतला. त्या वेळी पोस्टात आणि बँकेत साठीच्या पुढच्यांसाठी असलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के होता. १८ लाखांवर वर्षाला १ लाख ४७ हजार ६००. दर तिमाहीला ३६,९०० रुपये खात्यात जमा. कर्ज नाही, भाडेकरू नाही. व्याजावर उत्पन्नाप्रमाणे कर लागतो, आणि मुद्दल काही वाढत नाही, हेही काकूंना सांगितलं. एकच बाजू दाखवली असती, तर माझ्यात आणि त्या पत्रकात फरक काय?

"काकू, माझ्यावर विश्वास नाही का?"

गुरुवारी संध्याकाळी पुतण्या आला. ज्या वाक्याची काकूंना भीती होती, ते त्याने दारातच म्हटलं. "काकू, लोकांना कागद दाखवत बसलात? माझ्यावर विश्वास नाही का?"

मला वाटलं, काकू आता रडणार. पण त्यांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "तुझ्यावर आहे रे बाबा. पण सही मी तुझ्यावर करत नाहीये, त्या कागदावर करतेय. ये, तूही वाच."

आम्ही पाच प्रश्न वहीच्या पानावर लिहून काढले होते. तारखा, व्याज, नावं आणि हिस्से, बहिणीचं हक्कसोडपत्र, आणि दहा टक्क्यांहून जास्त चेक का. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानेही पत्रकापलीकडे काही वाचलेलं नव्हतं. त्याच्या पोटात काकूंविषयी माया होती आणि हातात जाहिरात, एवढंच.

शुक्रवारी सही करायला न जाता ते दोघं प्रश्नांचं पान घेऊन गेले. तारीख आणि व्याज बदलून द्यायला बांधणारा तयार झाला. तुम्ही विचारलंत तर बदलतं, हेही लक्षात ठेवा! हक्कसोडपत्राचं मात्र 'येईल महिनाभरात' यापुढे सरकेना. काकूंनी बुकिंग रद्द केलं. चेकने भरलेले होते, पावती होती; ५१ हजार दोन महिन्यांनी परत आले.

काकूंनी १५ लाख त्या ज्येष्ठांच्या योजनेत ठेवले, ३ लाख अडीअडचणीला हाताशी. पुतण्या दोन महिने फिरकला नाही. दिवाळीत फराळाला आला, पण पूर्वीसारखा मोकळा झाला असं नाही. ती किंमत काकूंनी मोजली, आणि ती मी कुठल्याच रकान्यात मांडली नव्हती. "येईल हळूहळू," काकू म्हणतात. त्यांच्या मनातलं त्यांनाच ठाऊक.

मैत्रिणींनो, घरात पैसा गुंतवूच नका असं मला मुळीच सांगायचं नाही. राहायला घर हवं असलेल्या कुटुंबाचं गणित वेगळं असतं. त्यांचं भाडं वाचतं, मुलांची शाळा जवळ येते. तोच फ्लॅट एकाला योग्य आणि दुसऱ्याला गळ्यातला धोंडा ठरू शकतो. कोणता कोणासाठी, हे पत्रक सांगत नाही. ते आपल्या वहीतली बेरीज-वजाबाकी सांगते.

मला सांगायचंय ते एवढंच. आपल्या पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी मारलेल्या फुल्यांवर सह्या करत आल्या. नवऱ्याला वाईट वाटेल, भावाला राग येईल, पुतण्या रुसेल, म्हणून. उद्या तुमच्यापुढे कागद आला, तर गोड हसून म्हणा, "घरी नेते, आधी वाचते, मग सही करते." जो आपला आहे, तो दोन दिवस थांबेल. जो थांबायला तयार नाही, त्याचा कागद तर दोनदा वाचायला हवा.

गेल्या आठवड्यात काकू पुन्हा आल्या होत्या. हातात तीच पिशवी. आत माहेरचा सातबारा. चष्मा लावून म्हणाल्या, "इतर हक्क कुठल्या बाजूला असतं म्हणालीस?"

सहीआधी एवढं बघाच

- कराराचा मसुदा घरी आणा. निदान चार दिवस हाताशी ठेवा.
- महारेरा नोंदणी क्रमांक स्वतः तपासा. तिथली पूर्णत्वाची तारीख आणि करारातली तारीख ताडून बघा.
- क्षेत्रफळ चटईचंच धरा. चौरस मीटरला १०.७६४ने गुणलं की चौरस फूट मिळतात.
- सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना आणि फेरफार ओळखीच्या वकिलाला दाखवा. हा वकील आपला असावा, बांधणाऱ्याचा नको.
- नाव कोणाचं, कितवं, हिस्सा किती, हे करारात लिहून घ्या.
- नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला-द्यायला कायद्याने बंदी आहे. चेक द्या, पावती घ्या.
- तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन करारात लिहिलंय का, बघा. नसेल तर ते दिलेलंच नाही असं समजा.